बंडीविना शून्य

१९५६ सालच्या पावसाळ्यात कामठ्याच्या मनिराम चुटेला सरकारी नोकरी लागली. मलेरिया खात्यात, मच्छरांकडून चावून घ्यायची. हे वाक्य वाचून झालं असेल तर आता विसरून जा. अशी कुठली नोकरी मनिरामला लागलीच नाही, असं धरून पुढं चला. सरकारही तसंच धरून चाललं आहे, आणि सरकारला जे जमतं ते आपल्याला न जमायला काय झालं.

तर मनिरामला नोकरी नव्हती. त्याच्याकडं थोडी धानाची जमीन होती, एक आई होती आणि एक विचार होता. विचार बकाराम बहेकारांच्या प्रेमिलाचा. प्रेमिलाचाही विचार तोच होता. पण बकाराममामांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "धान पिकवनारा माज्या घरी मी एक आहो, तेवढा पुरे. पोरगी देईन त सरकारी नोकरीवाल्याले." आणि आमगावाकडचा एक पटवारी मंडईला पोरगी पाहायला येणार, असा निरोपही येऊन पडला होता. दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे रात्रभर दंडारीचं नाटक पाहायला येतात आणि जाताना सोयरिक ठरवून जातात. म्हणजे मनिरामच्या हातात पावसाळा आणि वर थोडे दिवस होते.

बकाराममामा गावात प्रसिद्ध होते ते मुलीमुळं नव्हे, मच्छरांमुळं. गावात जेवढे मच्छर असतील तेवढे मामांना चावत. भजनाला मामा आले का हे पाहूनच लोक बसत, आणि त्यांना दाराजवळ बसवत, म्हणजे बाहेरचे बाहेरच अडतील. लग्नाला त्यांना दोन्हीकडून बोलावणं असे. त्यांच्या बायकोला, धुरपतामामींना, लग्नाला बावीस वर्षं होऊन एक मच्छर चावला नव्हता. त्या म्हणत, "माज्या बापानं घरदार पाहून नाई दिलं मले. मच्छर पाहून दिलं."

मनिरामचं बरोबर उलटं होतं. त्याला मच्छर चावतच नसे. त्याच्या शेजारी खाट टाकणाऱ्याला दुप्पट चावत, कारण मनिरामच्या वाट्याचेही त्यालाच. त्यामुळं भजनात मनिरामच्या दोन्ही बाजूंना जागा असायची.

भादव्यात रामलाल इन्स्पेक्टर गावात आले. गोंदिया शहरातले, म्हणून बोलणं हिंदी. सोबत सायकल, कापसाचा पुडा आणि काचेच्या नळ्यांची पेटी. घराघरांत औषध फवारायच्या आधी गावात कोणत्या जातीचे मच्छर आहेत, हे खात्याला हवं होतं. आमच्याकडं तोवर जात फक्त माणसांची विचारत. पद्धत सोपी होती. दिवस बुडाला की एक माणूस गोठ्याच्या ओट्यावर गुडघ्यापर्यंत पाय उघडे टाकून तासभर बसणार. पायावर मच्छर बसला की इन्स्पेक्टर त्याच्यावर नळी पालथी घालणार आणि तोंडाला कापूस लावणार. बसणाऱ्या माणसाचं पद मंजूर होऊन आलं होतं. कागदावर लिहिलं होतं, ‘आमिष-मनुष्य, जागा एक’.

बिसराम कोतवालानं विचारलं, "म्हंजे गळाले गांडूर लावतेत तसा मानूस लावाचा का जी?"

"हाँ," इन्स्पेक्टर म्हणाले, "मगर केंचुए की नौकरी पक्की नहीं होती। ये पक्की है।"

‘पक्की’ म्हटल्याबरोबर सगळ्यांनी बकाराममामांकडं पाहिलं. मामा पाय खाजवत होते. ते म्हणाले, "मले नोको. आता चावतेत ते त्यांच्या मर्जीनं चावतेत. नोकरी म्हटली का टायमावर चावून घ्या लागते."

तेव्हा मागून मनिराम उठला. म्हणाला, "मी बसतो."

लोक हसले. हसता हसता बिसराम खोकला, आणि त्याच्यासाठी पाणी आणावं लागलं.

अट अशी होती की सहा सांजा बसायचं आणि तासाला निदान वीस मच्छर यायला हवेत. इन्स्पेक्टर नोंद वरच्या कचेरीत पाठवणार आणि कचेरी नेमणूक देणार. नोंदवही मराठीत भरायची होती. इन्स्पेक्टरची मराठी वाचण्यापुरती होती. मी तेव्हा गावच्या शाळेत बदली मास्तर होतो, मनिरामचा वर्गमित्र होतो आणि माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून वही माझ्याकडं आली. पुढं जे झालं त्यात माझ्या अक्षराचा दोष नाही. अक्षर स्पष्ट होतं.

पहिल्या सांजेला शून्य. मनिराम पाय पसरून, डोळे मिटून, सत्यनारायणाला बसल्यासारखा बसला होता. त्या तासात इन्स्पेक्टरना नऊ चावले आणि मला सहा. पण आम्ही मंजूर आमिष नसल्यामुळं ते धरता आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गावानं सल्ला दिला की ज्याचं रक्त गोड त्याला मच्छर चावतात. मनिरामनं सकाळपासून गूळच खाल्ला. जेवणाऐवजी गूळ, पाण्याबरोबर गूळ. संध्याकाळी मच्छर आले नाहीत, मुंगळे आले. इन्स्पेक्टरनी पाहिलं आणि म्हणाले की मुंगळ्यांचं खातं वेगळं आहे.

तिसऱ्या दिवशी बिसरामनं सांगितलं की मोहाची पिणाऱ्याला मच्छर शोधत येतात, हा त्याचा स्वतःचा अनुभव आहे. मनिरामनं नाक दाबून दोन वाट्या घेतल्या. दोन मच्छर आले. एक पायावर बसला आणि उडाला. दुसरा मनिरामच्या घोरण्यानं पळाला, असं मी वहीत लिहिणार होतो, पण इन्स्पेक्टरनी फक्त आकडा लिहायला सांगितलं.

त्या सांजेनंतर मनिरामनं इन्स्पेक्टरनाच विचारलं, "साहेब, एकाले चावते अन एकाले काऊन नाई चावत?"

इन्स्पेक्टर सायकलवर बसायला निघाले होते. ते थांबले. हा प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण त्यांनी सायकल स्टँडवर लावली.

"देखो," ते म्हणाले, "खून मीठा-वीठा सब गप है। मच्छर पहले खून चखता है, फिर आता है, ऐसा है क्या? वो तो दूर से आता है। अंधेरे में आता है। तो कैसे आता है? सूँघ के आता है। किसी का पसीना, किसी की साँस। किसका क्या पसंद, ये वो जाने। बड़े-बड़े साहब लोग अभी देख रहे हैं।"

"म्हंजे माजा वास त्याईले आवडत नाई?"

"नहीं भाता होगा।" इन्स्पेक्टर म्हणाले. "बुरा मत मानो।"

मनिरामनं मनाला लावून घेतलं. सासऱ्यानं नाकारलं तर माणूस समजू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर प्रेमिला भेटली. मीही होतो. दोघं बोलले असते तर गावात चर्चा झाली असती. तिघं बोलले की नुसत्या गप्पा. मनिरामनं तिला इन्स्पेक्टरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिनं घागर काठावर टेकवली.

"सुंगून येतेत?" ती म्हणाली. "मंग बरोबर आहे. बाबा वावरात जातेत न, बंडी खुंटीवर टांगून. त बाबा तिकडं अन मच्छर इकडं, बंडीवर. दिवसभर बसून राहतेत. मले वाटे, बाबाची वाट पाहून राहिले."

मनिराम तिच्याकडं पाहतच राहिला.

"पाहून काय राहिला? बंडी आनून देऊ का?"

"मामाजी काय म्हनतीन?"

"त्याईले सांगन, धुवाले टाकली म्हनून."

ती बंडी मी पाहिली आहे. कधीकाळी पांढरी असावी. रोवणीच्या पहिल्या दिवशी मामांच्या अंगात चढली होती आणि रोवणी, निंदणी, दोन ताप आणि एक बारसं पाहून झाल्यावरही तिला पाणी लागलं नव्हतं, पावसाचं सोडून. इकडं घरी मामा दोन दिवस बेचैन होते. बंडी धुतात, ही माहिती त्यांना नवीन होती.

चौथ्या सांजेला मनिराम बंडी घालून बसला. दिवस बुडायला अवकाश होता तोच पहिला मच्छर आला. मग रांग लागली. इन्स्पेक्टरच्या नळ्या संपल्या. माझ्या शाईच्या दोन रिकाम्या दौती घेतल्या, त्याही भरल्या. त्रेचाळीस. मनिरामला आयुष्यात पहिल्यांदा मच्छर चावला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "मास्तर, दुखते रे." पण खूश होता.

इन्स्पेक्टर शास्त्राचे माणूस. पाचव्या सांजेला त्यांनी अर्धा तास बंडी काढून बसवलं. शून्य. अर्धा तास घालून बसवलं. एक्कावन्न. सहाव्या सांजेला पुन्हा तसंच केलं आणि तसंच झालं. मग मला म्हणाले, "मास्टरजी, कम शब्दों में लिखो। ऊपर वाले लंबा नहीं पढ़ते। बंडी किसकी है, वो भी लिखो।"

मी कमी शब्दांत लिहिलं: ‘मनिराम चुटे. बंडीविना शून्य. बंडीसह एक्कावन्न. सबब कामासाठी बंडी अत्यावश्यक. बंडीचे मालक बकाराम बहेकार, मौजे कामठा.’

इन्स्पेक्टरनी वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. इतकी नेमकी नोंद त्यांच्या हाताखाली कोणी केली नव्हती.

महिन्याभरानं लिफाफा आला. इन्स्पेक्टरच्या नावचा, बंद, वर गोल शिक्का. इन्स्पेक्टर शेजारच्या गावी गेले होते. बिसराम कोतवालानं लिफाफा हातात तोलून पाहिला. तो जाड होता, आणि बिसरामच्या अनुभवानुसार नकाराचे लिफाफे पातळ असतात. त्यानं थेट पाटलाच्या ओट्यावर उभं राहून हाळी दिली, "मनिरामले नोकरी लागली हो ऽऽऽ!"

त्या दुपारी बारापासून मनिराम सरकारी नोकर होता. त्याच्या आईनं घरोघर गूळ वाटला. धुरपतामामींनी त्याला बोलावून पोहे दिले आणि पाट दिला. बकाराममामा समोर बसले. तोवर बंडीचं प्रकरण त्यांना कळलं होतं, आणि आपल्या वासाला सरकारात किंमत आहे याचा त्यांना आतून अभिमान वाटत होता.

"मामाजी, पाया पडतो," मनिराम म्हणाला.

आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात. काल हेच म्हटलं असतं तर ‘मामाजी कोनाचा रे?’ असं ऐकायला मिळालं असतं. आज मामा म्हणाले, "जीत राह्य. पटवाऱ्याले उद्या निरोप धाडतो, येऊ नोको म्हनून." आतून बांगड्या वाजल्या. प्रेमिला भांडी घासत होती, एरवीपेक्षा जोरात.

पाच वाजता इन्स्पेक्टर मामांच्या ओट्यावर आले, सगळ्यांसमोर लिफाफा फोडला आणि कागद मला वाचायला दिला. मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, ही माझी दुसरी चूक.

‘आपल्या नोंदीवरून असे दिसते की, मौजे कामठा येथील बकाराम बहेकार यांची बंडी आमिष म्हणून अत्यंत उपयुक्त आहे. सबब सदर बंडी, बैलजोडीसह, मंजूर करण्यात येत आहे. मनिराम चुटे हे बंडीविना निरुपयोगी असल्याचे नोंदीतच नमूद असल्याने त्यांचे नेमणुकीचे कारण उरत नाही. आमिष-मनुष्य हे पद याद्वारे रद्द समजावे. बंडी रोज सायंकाळी कामावर हजर ठेवावी.’

लिफाफा जाड होता, कारण आत बैलांच्या आरोग्याचे दोन कोरे फॉर्म होते.

आता, आमच्या भागात बंडी दोन प्रकारची असते. एक अंगात घालायची, बिनबाह्यांची. दुसरीला बैल जुंपतात आणि तिच्यातून धान वाहतात. कागद पुण्या-मुंबईच्या बाबूच्या हाती पडता तर त्यानं कपडाच धरला असता. पण वरच्या कचेरीतला बाबू आमच्याच भागातला निघाला. त्यानं बंडी वाचली, मालकाचं नाव वाचलं, आणि कपड्याला मालक कोण लिहितं? त्याच्या जागी मी असतो तरी बैल मंजूर केले असते.

ओट्यावर बैलांचे कोरे फॉर्म हातोहात फिरले. मग बकाराममामांनी हिशोब जुळवला.

"म्हंजे नोकरी माज्या बंडीले लागली?"

"हाँ जी," इन्स्पेक्टर म्हणाले.

"अन याले नाई?"

"नहीं जी।"

मामांनी मनिरामपुढची पोह्यांची ताटली उचलली नाही, एवढा मोठेपणा दाखवला. पण पटवाऱ्याकडं निरोप गेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामांची बंडी संध्याकाळी गोठ्यासमोर हजर राहू लागली. इन्स्पेक्टरना वाईट वाटत होतं, पण "ऑर्डर ऑर्डर होता है, मास्टरजी." बैलांवर तासाला दोनशे मच्छर सापडले. खातं समाधानी झालं. बंडीनं स्वतः काही केलं नाही, नुसती उभी राहिली. पण नेमणूक तिचीच होती. बंडी हाकत न्यायचं काम मनिराम करी, बिनपगारी, कारण तेवढ्या निमित्तानं त्याला बहेकारांच्या अंगणात जाता येई. प्रेमिला बैलांच्या पाठीवर कडुलिंबाचा पाला फिरवत उभी राही. मग खात्याचं पत्र आलं की मच्छरांचा आकडा उतरला आहे, आमिषावर पाला फिरवू नये.

आश्विन सरत आला. धान पिवळं पडलं. बैल शेपट्या हलवून हलवून थकले होते, आणि मामांना बंडी कापणीला हवी होती. एका सकाळी ते मनिरामला घेऊन माझ्या शाळेत आले. पोरं ‘एक बंडी, दोन बंडी’ म्हणू लागली, त्यांना मी सुट्टी दिली.

"मास्तर, तू लिवलं, तूच खोड," मामा म्हणाले.

"सरकारी वही आहे जी. खोडलं त गुन्हा होते."

"मंग नवीन लिव."

इन्स्पेक्टरना विचारून आलो. ते म्हणाले, नवी नोंद करता येईल, पण आमिषाच्या रकान्यात बंडीच लिहावी लागेल, कारण मनुष्याची जागा आता शिल्लक नाही. वर आणखी एक अडचण. त्याच दिवसांत राज्यांची वाटणी झाली. झोपलो तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि उठलो ते मुंबई राज्यात. "ऑर्डर पुराने स्टेट का," इन्स्पेक्टर म्हणाले, "सुधार नए स्टेट में। ये कहेंगे उधर पूछो, वो कहेंगे इधर पूछो। और मेरा तो खुद का पता नहीं, मैं किधर हूँ।"

हे मी मामांना त्यांच्या अंगणात सांगितलं. मंडई आठ दिवसांवर आली होती. मामी सारवत होत्या, त्यांनी हात थांबवला. मनिराम बैलांच्या जवळ उभा होता. बैलांवर मच्छर होते, मामांवर होते, माझ्यावर होते. मनिरामवर नव्हते.

मामांनी पायावर चापट मारली आणि म्हणाले, "हे पाह्य, मनिराम. मले माजी बंडी सुटली पाहिजे, धानाची कापनी-चुरना तोंडावर आहे. तुले पोरगी पाहिजे. कागदात नोकरी बंडीले आहे. त मंडईच्या आत तू बंडी होऊन ये. कागदावर होजो, बस. सरकारचा शिक्का आन, मी पटवाऱ्याले रस्त्यातूनच परत धाडतो."

"मानूस कसा बंडी होईन, मामाजी?"

"माजी बंडी सरकारी नोकर होते, त तू बंडी काऊन होऊ नाई शकत?"

मनिरामनं माझ्याकडं पाहिलं. मी बैलांकडं पाहिलं. दारातून प्रेमिला म्हणाली, "मास्तर, आता त नीट लिवजो." तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. तिनं आतून पाट आणला, माझ्यापुढं ठेवला, दौत ठेवली, आणि मी लिहीपर्यंत तिथून हलली नाही. मनिरामनं खाली आपल्या हातानं सही केली. अर्जाच्या दोन प्रती केल्या, एक नागपूरला टाकली आणि एक मुंबईला. मजकूर असा:

‘मा. मलेरिया अधिकारी साहेब, हल्ली ज्या राज्यात असतील तेथील, यांचे सेवेशी. अर्जदार मनिराम चुटे, मौजे कामठा, नम्रपणे कळवितो की, अर्जदार बंडीविना निरुपयोगी असल्याचे आपल्या कचेरीने मान्य केलेलेच आहे, व अर्जदाराची त्यास हरकत नाही. सबब आदेशातील ‘बंडी’ हा शब्द कायम ठेवून अर्जदारासच आदेशाच्या तारखेपासून बंडी समजण्यात यावे. चाकांची अट शिथिल करण्यात यावी. बैलांना कार्यमुक्त करण्यात यावे. आणि अर्जदार हा बंडी असूनही विवाहास पात्र असल्याचा दाखला, गोल शिक्क्यासह, मंडईच्या आत बकाराम बहेकार यांच्या घरी पोचता करण्यात यावा, ही विनंती.’